पाय गेला, पण हिशोब वाचला

देवगडला पवनचक्क्या आहेत म्हणून आमच्याकडे लाईट जात नसेल असं कुणाला वाटत असेल तर त्याने एकदा मे महिन्यातल्या अवकाळी पावसात राहायला यावं. त्या संध्याकाळी लाईट गेली, आली, परत गेली, आणि मग जी आली ती अशी काही आली की मांगरातला (शेतीच्या सामानाच्या खोपटातला) बल्ब फुटला आणि त्याच बोर्डावर लावलेला माझा जुना रास्पबेरी पाय २ (तळहातावर मावणारा कॉम्प्युटर) जागच्या जागी संपला. मी नुसतं "पाय गेला" म्हणून ओरडलो तर काकी हळदीचा डबा घेऊन धावत आली. असो.

हा पाय मांगरात का होता तर काकांच्या आंब्याच्या पेट्यांचा हिशोब त्याच्यावर असायचा. काही भारी सॉफ्टवेअर नाही, साधी टेक्स्ट फाईल, विम नावाच्या एडिटरमध्ये. तारीख, कुठल्या बाजूची कलमं, किती डझनी पेटी, वाशीला गेली की घरगुती गिऱ्हाईकाला, बस. एक्सेल का नाही असं दरवर्षी पुण्याचा एक मावसभाऊ विचारतो, त्याला मी दरवर्षी आंबा देतो आणि विषय बदलतो. सीझनमध्ये दिवसा माझं ऑफिसचं काम (घरूनच) आणि संध्याकाळी काका चिठ्ठ्या वाचणार, मी टाईप करणार. त्या दिवशी दोन तास टाईप केलं होतं आणि एकदाही सेव्ह केलं नव्हतं. हो, माहितीये, बोलू नका. आणि झालेल्या चिठ्ठ्या काकीने तोपर्यंत बंबात घातल्या होत्या.

पण विम आहे म्हटल्यावर मी निवांत होतो. विम तुम्ही टाईप करता करता एक स्वॅप फाईल (न सेव्ह केलेल्याची तात्पुरती नोंद) लिहीत असतो, २०० अक्षरं झाली की किंवा ४ सेकंद तुम्ही नुसते बसलात की जे असेल ते डिस्कवर जातं. म्हणजे फार तर शेवटची ओळ जाईल. पायमधलं एसडी कार्ड काढलं, ते जिवंत होतं, लॅपटॉपला लावलं, डॉट हापूस डॉट एसडब्ल्यूपी अशी फाईल दिसली, तिची आधी कॉपी काढली (एवढी तरी अक्कल होती) आणि विम मायनस आर (स्वॅपमधून मजकूर परत मिळवायची कमांड) मारलं.

विम म्हणाला, ही फाईल या कॉम्प्युटरवर वापरता येणार नाही. ही फाईल अमुक मशीनवर तयार झाली होती, आणि पुढे माझ्या मेलेल्या पायचं होस्टनेम, "मांगर". आणि खाली शेपटी, किंवा फाईल खराब झाली असेल.

काका मागे कंदील घेऊन उभे. "माझो हिशोब खंय गेलो?" मी म्हटलं काका आहे इथेच, पण हा कॉम्प्युटर वेगळा आहे म्हणून वाचत नाहीये. "कॉम्प्युटर बदललो म्हणान हिशोब बदलता काय?" आता याला काय उत्तर देणार, प्रश्न बरोबरच होता.

स्ट्रिंग्ज नावाची कमांड असते, कुठल्याही फाईलीतून वाचता येणारा मजकूर बाहेर काढते, ती आधी चालवून बघितली. ती साधी चालवली तर देवनागरीला मजकूरच समजत नाही, कारण आपलं एकेक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाईटचं आणि त्यातला प्रत्येक बाईट १२७ च्या वरचा. आठ बिटी मोडमध्ये चालवल्यावर तुकडे दिसले पण उलटे, कारण स्वॅपच्या ब्लॉकमध्ये विम ओळी शेवटाकडून पुढे भरत येतो. वर ५ मेच्या पेट्या, खाली ४ मेच्या, मध्ये आधी खोडलेल्या ओळींचा कचरा. त्यावरून हिशोब लावायचा म्हणजे अढीत हात घालून न बघता पिका आंबा काढण्यासारखं.

म्हणून सोर्स (प्रोग्रॅमचा मूळ कोड) उघडला. विमचा सोर्स गिटवर आहेच, स्वॅपचा सगळा भाग मेमलाईन डॉट सी या फाईलीत. तिथे स्वॅपच्या पहिल्या ब्लॉकमध्ये चार ठरलेले आकडे लिहून ठेवतात, एक लाँग, एक इंट, एक शॉर्ट, एक कॅरॅक्टर, म्हणजे सी भाषेतले आकड्यांचे वेगवेगळे प्रकार. लाँगमध्ये हेक्समध्ये ३०३१३२३३, इंटमध्ये २०२१२२२३, असे. परत उघडताना ते आकडे जसेच्या तसे वाचता आले तरच पुढे जायचं. बाईटची क्रमवारी उलटी असेल किंवा लाँग कमी-जास्त लांबीचा असेल तर आकडा जुळत नाही आणि विम सरळ हात वर करतो. विम पहिल्यांदा १९९१ साली अमिगा या जुन्या कॉम्प्युटरवर बाहेर पडला, त्यात मोटोरोलाचा ६८००० प्रोसेसर, तो मोठा बाईट आधी ठेवणारा, इंटेल छोटा बाईट आधी ठेवणारा, त्यामुळे हा पहारा लागणारच होता. विम लिहिणारा ब्राम मूलेनार ३ ऑगस्ट २०२३ ला गेला, पण त्याने लिहिलेला हा पहारेकरी मला देवगडात अडवून उभा होता आणि खरं सांगायचं तर बरोबर अडवत होता.

आता माझ्याकडे काय घडलं ते बघा. पाय २ वर ३२ बिटी सिस्टीम, तिथे लाँग ४ बाईटचा. लॅपटॉप ६४ बिटी लिनक्स, तिथे लाँग ८ बाईटचा. म्हणजे लॅपटॉपवरचा विम लाँग वाचायला ८ बाईट उचलतो, त्यात पहिले चार बाईट पायचा लाँग आणि पुढचे चार पायचा इंट, दोन्ही मिळून भलताच आकडा. आणि नुसता हा पहारा उडवून लावला तरी उपयोग नाही, पुढे ब्लॉकांचे नंबर आणि ओळींची मोजणी सुद्धा लाँगमध्येच लिहिलेली, तिथे गाडी घसरणार.

इथे मी अर्धा तास एआरएमचा (पायमधल्या प्रोसेसरची जात) दुसरा बोर्ड कुठून आणायचा याचा विचार करत बसलो. कणकवलीला फोन, मालवणच्या मित्राला फोन, कुणाकडेच नाही. आणि मग डोक्यात आलं की विमने प्रोसेसरचं नाव कुठे विचारलंय? त्याला एआरएम की इंटेल याच्याशी काही देणंघेणं नाही. त्याला लाँग केवढा आणि बाईटचा क्रम कुठला एवढंच बघायचंय. क्रम तर दोघांचा एकच, छोटा बाईट आधी. म्हणजे इंटेलवरच ३२ बिटी विम बनवला तर तो एआरएमच्या ३२ बिटीचा स्वॅप वाचेल!

लॅपटॉपवर डेबियन आहे. आय३८६ (३२ बिटी इंटेल) आर्किटेक्चर जोडलं, कंपायलरला ३२ बिटी जमावं म्हणून जीसीसी-मल्टिलिब घेतलं, ३२ बिटी एनकर्सेस (टर्मिनलची लायब्ररी) घेतलं, सगळं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, खिडकीच्या गजाला फोन बांधून, कारण आमच्याकडे रेंज तिथेच येते. मग सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या सूचनांत) मायनस एम३२ टाकून मेक, म्हणजे प्रोग्रॅम बनवायची कमांड. आणि तरीही तोच मेसेज, ही फाईल या कॉम्प्युटरवर चालणार नाही.

चूक माझी होती. त्या फोल्डरमध्ये मी मागे कधीतरी ६४ बिटी विम बनवला होता, जुन्या ऑब्जेक्ट (कंपाईल झालेल्या) फाईली तशाच पडलेल्या, आणि सीफ्लॅग्ज बदलले म्हणून मेक काही त्या परत कंपाईल करत नाही, त्याला फक्त फाईलींच्या तारखा कळतात, म्हणून माझा नवा विम म्हणजे जुनाच विम होता. वर ऑटो फोल्डरमधल्या कॉन्फिग डॉट एच मध्ये लाँगची साईझ ८ लिहून ठेवलेली, आणि शेजारी कॉन्फिग डॉट कॅश, म्हणजे कॉन्फिगरने (बनवण्याआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टने) आधी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं. त्यामुळे नुसतं कॉन्फिगर परत चालवून भागत नाही, ते म्हणतं हे मला माहितीये आणि जुनं उत्तर वापरतं. मेक डिस्टक्लीन करायचं, सगळं पुसायचं, मग नव्याने. दुसऱ्यांदा कॉन्फिगरच्या ओळी सरकत गेल्या तेव्हा मी पहिल्यांदाच त्या नीट वाचल्या, नाहीतर आपण तोवर चहा आणायला जातो. साईझ ऑफ इंट, ४. साईझ ऑफ लाँग, ४. ती दुसरी ओळ बघून मी काकांना हाक मारली, त्यांना काय कळलं माहीत नाही पण ते येऊन बसले.

३२ बिटी विम, मायनस आर, आणि समोर पूर्ण फाईल. शेवटची ओळ "सडा बाजू, ६ डझनी" एवढ्यावर तुटलेली, म्हणजे लाईट नेमकी तिथे गेली. काका म्हणाले "इलो?" मी म्हटलं इलो. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून एकेक ओळ ताडून बघितली (विश्वास अजिबात नाही), दोन पेट्यांचा फरक निघाला, आणि त्या दोन पेट्या त्यांनी स्वतःच डॉक्टरांना पाठवल्या होत्या आणि मला सांगितल्या नव्हत्या.

आता मांगरासाठी नवीन मशीन. कपाटात एक पाय झीरो डब्ल्यू पडला होता, ५१२ एमबी रॅम, एकच कोअर. त्याच्यावर रिपॉझिटरीतला विम सरळ टाकता येतो आणि ज्याला डोकेफोड नको त्याने तेच करावं, पण मला आता चेव चढला होता. झीरोवरच कंपाईल करायचं तर रात्र जाईल, म्हणून लॅपटॉपवरून क्रॉस कंपाईल, म्हणजे एका मशीनवर बसून दुसऱ्या जातीच्या मशीनसाठी बनवायचं.

इथे वेगळीच गंमत सुरू झाली. एम३२ वाला प्रोग्रॅम इंटेलवर चालतो, त्यामुळे कॉन्फिगर छोटे छोटे प्रोग्रॅम बनवून, चालवून, स्वतःच उत्तरं शोधत होतं. एआरएमचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालत नाही, मग ते अडतं आणि म्हणतं, क्रॉस कंपाईल करताय तर व्हीआयएम सीव्ही टूअपर ब्रोकन तुम्हीच सांगा. म्हणजे काय तर काही जुन्या सिस्टीमवर कॅपिटल ए ला परत कॅपिटल करायला सांगितलं की भलतंच अक्षर यायचं, तसं तुमच्याकडे होतं का? ते दिलं की पुढचा प्रश्न, टर्मइन्फो आहे का, गेटसीडब्ल्यूडी बिघडलेलं आहे का, एकमेकांवर चढलेली मेमरी मेममूव्ह नीट हलवतो का. लोक ही यादी कुठून तरी उचलून चिकटवतात आणि त्या यादीतली सगळीच उत्तरं तुमच्या मशीनची नसतात. साध्या फाईलच्या नावाच्या शेवटी स्लॅश लावला तर स्टॅट (फाईलची माहिती देणारं फंक्शन) तो दुर्लक्षून पुढे जातो का, याचं उत्तर नेटवर काही ठिकाणी हो आणि काही ठिकाणी नाही असं सापडलं. लिनक्सवर नाही. मी लॅपटॉपवरच्या कॉन्फिगरने काढलेली उत्तरं बघितली आणि तीच दिली, लिनक्स आणि ग्लिबसी (सी भाषेची लायब्ररी) दोन्हीकडे आहेच, त्यामुळे या प्रश्नांना ती चालतात. साईझचे आकडे मात्र तिथून उचलायचे नाहीत, ते का हे वर सगळं रामायण सांगून झालंय.

विम बनला, झीरोवर टाकला, चालवला, "इल्लीगल इन्स्ट्रक्शन". दोन शब्द आणि बाहेर. डेबियनचा आर्महार्डफ्लोट कंपायलर एआरएमव्ही७ धरून चालतो, पाय २ वर तो धावला असता, झीरोमधला प्रोसेसर एआरएमव्ही६. मायनस मार्च इक्वल टू आर्मव्ही६ हा फ्लॅग दिला तरी तेच, कारण प्रोग्रॅम सुरू करणारे जे तुकडे कंपायलरबरोबर तयार येतात तेच व्ही७ साठी बनवलेले. रीडएल्फ मायनस ए ने (बनलेल्या प्रोग्रॅमची माहिती दाखवणारी कमांड) बघितलं तर टॅग सीपीयू आर्च पुढे व्ही७, मी इतका वेळ फ्लॅग बदलत बसलोय आणि उत्तर तिथे छापलेलं. शेवटी क्रॉसटूल-एनजी वापरून व्ही६ चा स्वतःचा टूलचेन (कंपायलर आणि त्याची सगळी हत्यारं) बनवला, त्याने एनकर्सेस बनवलं, मग विम. इन्स्टॉल करताना स्ट्रिपने (प्रोग्रॅममधला जादा भाग काढणारी कमांड) कुरकुर केली, फाईलचा प्रकार ओळखता येत नाही, कारण तो लॅपटॉपचा स्ट्रिप होता, त्याला टूलचेनमधल्या स्ट्रिपचा पत्ता दिला.

एक गोष्ट मला वाटलं होतं नडेल पण नडली नाही. इंटेलवर जीसीसीचा साधा कॅर चिन्हासकट असतो आणि एआरएमवर बिनचिन्हाचा, त्यामुळे देवनागरीचा पहिला बाईट, हेक्समध्ये ई०, एकीकडे उणे ३२ आणि दुसरीकडे २२४. निष्काळजी कोडमध्ये यावरून मराठीचा पार चिवडा होतो. विमने सगळीकडे स्वतःचा अनसाईन्ड प्रकार वापरलाय, त्यामुळे "पेटी" दोन्हीकडे पेटीच राहिली. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात ती फुटतातच, त्याला प्रोसेसर काय करणार.

आणि हे सगळं झाल्यावर मला कळलं की विमच्या मेकफाईलमध्ये मेक शॅडो म्हणून एक सोय आहे. एकाच सोर्सचे वेगळे फोल्डर, फाईली लिंक केलेल्या, पण कॉन्फिगरची उत्तरं प्रत्येकाची वेगळी. आता लॅपटॉपवर तीन शॅडो आहेत, ६४ बिटी, ३२ बिटी आणि झीरोचा. ३२ बिटीवाला विम मी पुसणार नाहीये, तो मांगराच्या चावीसारखा ठेवून दिलाय.

झीरो आता बोर्डावर नाही, पॉवरबँकेवर चालतो. विमआरसीमध्ये (विमच्या सेटिंगच्या फाईलीत) अपडेटकाऊंट, म्हणजे किती अक्षरांनी स्वॅप लिहायचा तो आकडा, २०० वरून २० वर आणलाय. आणि चिठ्ठ्या आता काकी मला विचारूनच बंबात घालते, म्हणजे काकांना विचारते, काका मला विचारतात, मी म्हणतो थांबा, सेव्ह करतो.