अण्णांची पत्रं आणि एक चुकलेली ओळ

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. दुपारच्या चहानंतर अण्णांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाळा, पत्रांची उत्तरं राहिलीत. आता माझ्याच्यानं लिहवत नाही. तू लेखणी धरशील?"

अण्णा म्हणजे माझे वडील. वय शहाऐंशी. वाईच्या शाळेत मराठी शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. १९८४ साली त्यांचा पहिला कवितासंग्रह निघाला, पुढे आणखी दोन निघाले. फार गाजलेले कवी नव्हेत, पण ज्यांनी वाचलं त्यांनी मनापासून वाचलं. डोळ्यांच्या पडद्याची झीज झाल्याने त्यांना आता समोरचं मधोमध दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. माणसाचा चेहरा हरवतो, कान दिसतात, असं ते सांगतात. वाचन बंद झालं, लिहिणं बंद झालं. पत्रं मात्र येत राहिली. आमच्या पोस्टमनला आमचं घर अजूनही 'कवींचं घर' म्हणूनच माहीत आहे.

उत्तरं म्हणजे दहाबारा असतील, असं मला वाटलं होतं. माडीवरची लोखंडी ट्रंक आणि बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे खाली आणले तेव्हा अंदाज आला. मोजून ६४० पत्रं निघाली. पोस्टकार्डं, आंतर्देशीय पत्रं, पाकिटं, प्रकाशकांच्या छापील लेटरहेडवरची टंकलिखित पत्रं. बहुतेकांच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने 'उ. दि.' आणि तारीख, म्हणजे उत्तर दिलं. ती खूण नसलेली ५३ होती. अण्णांना ती आठवत होती, आकडा नव्हे, माणसं. "सोलापूरच्या शिक्षिकेचं राहिलंय. नाशिकच्या मित्राचं शेवटचं राहिलंय, तो आता नाही." ते सांगत होते आणि मी शोधत होते.

आधी कागदांची अवस्था सांगते, कारण घराघरात अशा ट्रंका असतात. टाचण्यांना गंज चढला होता आणि गंजाचा डाग चार चार पानं आरपार गेला होता. टाचणी ओढून काढायची नाही, कागद फाटतो. बोथट सुरीच्या टोकाने हलकेच उचलायची. मी आधी दोन पत्रांच्या फाटक्या घडीवर सेलोटेप लावली, आणि त्याच डब्यातली जुनी सेलोटेप पिवळी पडून अक्षरं खाऊन बसलेली पाहिली तेव्हा लगेच थांबले. लॅमिनेशन तर करूच नका, कागद कायमचा अडकतो. खिडकीशी दिवसाच्या उजेडात प्रत्येक पत्राचे फोटो काढले, मागच्या बाजूला साध्या पेन्सिलीने क्रमांक घातला आणि वर्षवार पाकिटं केली. तारीख नसलेल्या पत्रांना पोस्टाचा शिक्का उपयोगी पडला. भिंग धरून बसलं की गाव आणि दिवस बहुतेक वेळा लागतो.

आंतर्देशीय पत्रांची एक गोष्ट लिहायलाच हवी. ती तीन बाजूंनी चिकटवलेली असतात, घाईत फाडली की कडेला लिहिलेले शब्द जातात. आमच्याकडच्या एकाही पत्राचा शब्द गेलेला नाही. आई ती विणकामाच्या सुईने उघडायची, सुई घडीत घालून सावकाश फिरवायची. लोक शेवटी जागा पुरली नाही की कडेला आडवं लिहितात आणि खरं ते तिथेच असतं, असं ती म्हणायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. त्या सरळ कापलेल्या कडांवरून मी बोट फिरवत बसले होते, अण्णा समोर गप्प होते.

रोज चारच्या चहानंतर तीन उत्तरं, असा नेम ठरला. मी पत्र वाचायचे, अण्णा डोळे मिटून ऐकायचे, मग सांगायला लागायचे. त्यांची शिस्त मला हळूहळू कळत गेली. वाचकाच्या गावाचा उल्लेख उत्तरात हवाच. 'माझं पुस्तक घ्या' असं कधी लिहायचं नाही. कुणी स्वतःच्या कविता पाठवून प्रस्तावना मागितली तर खोटं कौतुक करायचं नाही, पण दोन ओळी खरोखर आवडलेल्या शोधून त्या उतरवून द्यायच्या. एका मुलाच्या चाळीस कविता वाचून झाल्या तेव्हा मी म्हटलं, "अण्णा, यात काही नाही हो." ते म्हणाले, "परत वाच. विहिरीवरची." विहिरीवरच्या कवितेत खरंच एक ओळ होती. तीच लिहून पाठवली.

हे चालू असताना पहिल्या संग्रहाची नवी आवृत्ती काढायची, असं एका लहान प्रकाशकाने फोनवर सुचवलं. ९६ पानांचं पुस्तक, ६१ कविता, ३०० प्रती. अण्णांना आनंद झाला. पण मूळ प्रकाशकाचं काय? ती संस्था बंद पडलेली. त्यांच्याकडून हिशेबाचा कागद कितीतरी वर्षांत आलेला नव्हता, अण्णांच्या तीन पत्रांना पोचही नव्हती. नवीन प्रकाशक म्हणाले, हक्क कुणाकडे आहेत ते कागदावर दाखवा.

करारपत्र नव्हतंच. ओळखीच्या वकील बाईंनी समजावलं की स्वामित्वहक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी लागतं आणि देणाऱ्याची सही लागते, नुसत्या तोंडी बोलण्यावर तो जात नाही. म्हणजे अण्णांनी सही करून काय दिलं होतं, ते शोधायचं. प्रकाशकांच्या पाकिटात १९८३ चं पत्र सापडलं: 'पहिल्या आवृत्तीपुरती आपली संमती कळवावी. मानधनादाखल ५० प्रती देऊ.' त्याच्या पाठीवर अण्णांनी आपल्या उत्तराची नक्कल उतरून ठेवली होती, तीत 'पहिल्या आवृत्तीपुरती' या शब्दांखाली रेघ. बाई म्हणाल्या, तुमचं काम झालं. तरी रीत म्हणून आम्ही त्या प्रकाशकांच्या मुलांना मार्चमध्ये रजिस्टर पोस्टाने पत्र घातलं. दोन महिन्यांनी साधं, सभ्य उत्तर आलं, आमची काही हरकत नाही, शिल्लक प्रती वाळवीने गेल्या, वडिलांच्या वतीने क्षमस्व. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि त्याच दिवशी आभाराचं पत्र सांगितलं. त्यांच्या मनात आता त्या माणसाविषयी काही उरलं नव्हतं. माझ्या होतं.

मग अक्षरजुळणी. जुन्या पुस्तकाची पानं मोबाइलवरच्या ॲपने वाचून घेतली, पण खिळ्यांच्या छपाईतली अस्पष्ट जोडाक्षरं त्याला लागेनात. रफार उडाला, 'ऱ्या'चं भलतंच झालं. शेवटी एकसष्टच्या एकसष्ट कविता मी हाताने टंकल्या आणि अण्णांना मोठ्याने वाचून दाखवल्या. त्यांना सगळ्या पाठ आहेत.

सदतिसाव्या पानावर आले.

ऊन उतरले पायरीवरुनी
दिवस निघाला दूर

मी पुढे वाचत होते. अण्णांनी हात वर केला. "पायरी नाही. पापणी."

मी पुस्तक पाहिलं. पायरीच होतं. चाळीस वर्षं मी पायरीच वाचलं होतं. शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हटलं होतं. वाईत राहणाऱ्या माणसाच्या कवितेत पायरी असणारच, समोर कृष्णेचा घाट. गणपती आळीच्या घाटावर संध्याकाळचं ऊन एकेक पायरी उतरत पाण्यात जातं, हे मी रोज पाहत आले. मला तर ती ओळ त्या घाटाचीच वाटायची.

"मी पापणी लिहिलं होतं. माझ्या हस्ताक्षरात 'प' आणि 'य' सारखेच दिसतात, 'ण' आणि 'र'सुद्धा, जुळणाऱ्याचा काय दोष? मात्रा जुळतात, अर्थ लागतो, मग मुद्रितं तपासणाऱ्यालाही कळलं नाही. माझ्या आजीच्या शेवटच्या दिवसाची कविता आहे ती."

मी पत्रांकडे वळले. आता काय शोधायचं ते ठाऊक होतं. नाशिकच्या मित्राचं १९८५ चं कार्ड सापडलं, कविसंमेलनात ती कविता त्यांनी अण्णांच्या तोंडून ऐकलेली: 'अरे, पायरी कशी? तू तर पापणी म्हणाला होतास.' प्रकाशकांचं त्याच वर्षीचं दोन ओळींचं पत्र: 'शुद्धिपत्र आता जोडता येणार नाही, दुसऱ्या आवृत्तीत पाहू.' म्हणजे अण्णांनी चूक लगेच कळवली होती. मग ते इतकी वर्षं गप्प का राहिले? संग्रह हातात घेऊन सही मागायला कितीजण येऊन गेले, एकाच्याही प्रतीत त्यांनी तो शब्द दुरुस्त केला नाही.

"पंढरपूरचं पाकीट काढ," ते म्हणाले.

पंढरपूरच्या एका बाईंची एकूण सात पत्रं. पहिलं १९८७ चं, आंतर्देशीय, निळ्या शाईतलं, अक्षर मोठं आणि गोल. नवरा अकस्मात गेला, पदरात दोन मुलं. मंदिरातून निघून रोज संध्याकाळी चंद्रभागेच्या घाटावर बसायच्या. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात ही ओळ भेटली. 'ऊन एकदम जात नाही, पायरी पायरीने जातं, हे तुम्ही लिहिलंत म्हणून मला दिसलं. दुःखही तसंच जाईल, असं धरून बसले आहे.' जागा संपली होती, म्हणून कडेला आडवं लिहिलं होतं: 'नामदेव पायरीवर डोकं टेकताना आता तुमची ओळ आठवते.'

कोपऱ्यात 'उ. दि.' होतं.

"काय कळवणार होतो त्यांना?" अण्णा म्हणाले. "तुम्ही जिचा आधार घेतलात ती छपाईची चूक आहे, असं?"

नवीन आवृत्तीत काय छापायचं यावर आमचे चार दिवस गेले. प्रकाशक म्हणत होते, कवी सांगेल तेच छापू. मला वाटत होतं पायरी राहू द्यावी, लोकांच्या ओठांवर तीच आहे. अण्णांचा जीव पापणीत होता. अखेर त्यांनीच ठरवलं की आधी पंढरपूरला विचारायचं. शेवटचं पत्र २०११ चं होतं, त्याच पत्त्यावर पाठवलं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलंय, ते खिडकीवर गेल्यावर कळलं, तेव्हा स्पीड पोस्टाने गेलं. अण्णांनी त्या पत्राचे तीन मसुदे केले. त्यात सबब नव्हती. हस्तलिखितात काय होतं, आजी कशी गेली आणि अडतीस वर्षं का सांगितलं नाही, एवढंच.

मधल्या काळात एक शोधछात्रा पत्रं पाहायला आली, तिला प्रबंधात नाशिकच्या मित्राची पत्रं संपूर्ण छापायची होती. अण्णांनी वाचू दिली, छापायला नाही म्हणाले. कागद आपले, पण शब्द लिहिणाऱ्याचे. लेखकाच्या मृत्यूनंतर ते वारसांचे असतात. मित्राच्या मुलीला पत्र घातलं, तिची परवानगी आली, मग नकला दिल्या.

पंढरपूरहून ५० पैशांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर तेच, पण आता थरथरतं. मी उभ्या उभ्या वाचलं.

'पापणी छापा. कवीचा शब्द कवीने घ्यावा. तुमच्या आजीबद्दल वाचून फार वेळ बसून राहिले. माझ्या प्रतीत मात्र मी खाडाखोड करणार नाही, तेवढी मुभा असावी. आता घाट उतरवत नाही. वरच्या पायरीवर बसते.'

अण्णांनी कार्ड हातात मागितलं. नजरेच्या कडेने ते पाहायचा प्रयत्न करत त्यांनी बराच वेळ तिरपं धरून ठेवलं. मग उत्तर सांगितलं, छोटंच, नवीन आवृत्तीची पहिली प्रत तुम्हाला येईल आणि त्यात सदतिसाव्या पानावर माझ्या हाताने काही लिहिलेलं असेल.

मी कार्डावर खूण करायला लाल पेन्सिल उचलली. "दे इकडे," ते म्हणाले. मी त्यांचं बोट कोपऱ्यावर नेऊन टेकवलं. 'उ.' कोपऱ्यात बसलं, 'दि.' पोस्टाच्या शिक्क्यावर गेलं.