तुम्ही विचारलेत म्हणून : एका माणसाशी बोलून संस्था कशी बदलेल?

मी एक्झिक्युटिव्ह कोच म्हणून काम करते हे कळल्यावर लोक हमखास एक प्रश्न विचारतात, आणि तो रास्त आहे. वरच्या एका अधिकाऱ्याशी दर पंधरवड्याला बंद दाराआड तास-दीड तास बोलून शेकडो माणसांची संस्था कशी काय बदलते? विचारणाऱ्याच्या स्वरात शंका असते, आणि कोचची फी किती असते याचा अंदाज असलेल्यांच्या स्वरात ती जरा अधिकच असते.

नुसत्या बोलण्याने संस्था बदलत नाही. कोच संस्थेला हातही लावत नाही; तिचा व्यवसाय त्याला अधिकाऱ्याहून जास्त कळतो, असाही दावा नसतो. त्याचे काम फार मर्यादित आहे. बदलाची घोषणा करणारा माणूस स्वतःच्या कोणत्या सवयीने त्या बदलाची वाट अडवतो आहे, हे त्याला दिसेल अशा जागी आणून उभे करायचे आणि ती सवय बदलेपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. अशी सवय कुठे ना कुठे असतेच. घोषणेच्या वेळी पडद्यावर काय दाखवले गेले हे कर्मचारी चार दिवसांत विसरतात, पण पहिला आक्षेप आला तेव्हा साहेबांनी काय केले हे ते वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत राहतात.

एका बैठकीचे उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, पण प्रसंग इतका नेहमीचा आहे की अनेकांना तो आपलाच वाटेल. नवी कार्यपद्धती लागू व्हायची होती. प्रमुखांनी सुरुवातीलाच सांगितले, “मोकळेपणाने बोला, शंका असतील त्या आत्ताच मांडा.” लेखा विभागाच्या प्रमुख म्हणाल्या की बदलाचा पहिला आठवडा नेमका महिनाअखेरीच्या कामावर येतो आहे. त्यांचे वाक्य पुरे व्हायच्या आत प्रमुख उत्तरले, “त्याचा विचार झालेला आहे,” आणि पुढे त्यांनी तो विचार खरोखरच नीट, मुद्देसूद मांडला. आवाज चढला नाही, कोणाचा अपमान झाला नाही. फक्त शेजारी बसलेल्या गृहस्थांनी उघडलेली वही मिटली, आणि त्यानंतर आलेले सगळे प्रश्न तारखांचे आणि नमुन्यांचे होते. मी कोपऱ्यात बसून कोण कधी बोलले आणि त्यानंतर कोण गप्प झाले एवढेच टिपत होते. संध्याकाळी तो कागद समोर ठेवला तेव्हा प्रमुखांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, “पण माझं उत्तर बरोबर होतं.”

होतेच. म्हणूनच त्यांना त्यात काही खटकले नव्हते.

या ठिकाणी मी बहुधा एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन या गावी हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कामाची पद्धत थोडी बदलली तरी कामगार वैतागत, उत्पादन घसरे आणि माणसे नोकरी सोडून जात. लेस्टर कोच आणि जॉन फ्रेंच यांनी तिथे केलेल्या प्रयोगाचा अहवाल 1948 साली प्रसिद्ध झाला. (आडनाव ‘कोच’ असणे हा निव्वळ योगायोग.) एका गटाला नेहमीच्या रिवाजाप्रमाणे बैठक घेऊन बदल सांगण्यात आला. बदल तरी काय, तर इस्त्री केलेला माल पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचा. स्पर्धेमुळे हे करावे लागते आहे असे कारण दिले गेले, नवा दर समजावला गेला, प्रश्नांना उत्तरेही दिली गेली. तरीही पहिल्या 40 दिवसांत त्या गटातल्या 17 टक्के लोकांनी काम सोडले आणि उत्पादन पूर्वीच्या पातळीला आलेच नाही. ज्या गटांनी आपल्या कामाचा बदल स्वतः बसून आखला, त्यांतून कोणी गेले नाही आणि त्यांचे उत्पादन आधीपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी वर गेले. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग : पहिल्या गटातल्या उरलेल्या कामगारांना सुमारे अडीच महिन्यांनी पुन्हा एकत्र आणून, दुसरा एक बदल त्यांच्या सहभागाने केला गेला, तेव्हा तीच माणसे झपाट्याने सावरली. म्हणजे दोष त्यांच्या स्वभावात नव्हता. एका कारखान्यातल्या लहान गटांवर सगळे सिद्धांत रचू नयेत हे मान्य आहे. पण ‘आमच्याकडे लोकांना बदल नकोच असतो’ असे ठामपणे म्हणणाऱ्याला मी निदान ही गोष्ट ऐकवतेच.

मग एवढा हुशार माणूस हे करत का नाही? रॉबर्ट केगन आणि लिसा लाही या हार्वर्डच्या अभ्यासकांनी 2001 साली मांडलेले उत्तर मला कामात सर्वांत उपयोगी पडले आहे. माणसाला बदल मनापासून हवा असतो, आणि त्याच वेळी त्याच्या उलट दिशेला ओढणारी दुसरी एक निष्ठा तो नकळत जपत असतो. आमच्या प्रमुखांना लोकांचा सहभाग हवा होता, पण त्याहून जुनी गरज अशी होती की आपण कधीही बेसावध दिसता कामा नये. सगळी कारकीर्द तिच्यावरच उभी राहिली होती. ती सोडा असे सांगून कोणी सोडत नाही, त्यामुळे आम्ही एक छोटा प्रयोग ठरवला. पुढच्या बैठकीत पहिल्या आक्षेपाला उत्तर द्यायचे नाही, तो फळ्यावर लिहायचा आणि विचारायचे, “हे आणखी कोणाकोणाला वाटतं?” ऐकायला हे पोरकट वाटते. करताना त्यांच्या हातातला खडू थरथरत नव्हता एवढेच. त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेत ते किती अस्वस्थ होते, हे त्यांनी नंतर स्वतःच सांगितले. फळ्यावर मात्र त्या दिवशी अशा दोन अडचणी आल्या, ज्यांचा ‘विचार झालेला’ नव्हता.

सवय बदलली की नाही, हे ठरवण्याचा अधिकार मी त्या अधिकाऱ्याला देत नाही आणि स्वतःकडेही ठेवत नाही. मार्शल गोल्डस्मिथ या अमेरिकी कोचची रीत प्रसिद्ध आहे : सुधारणा झाली का ते सहकाऱ्यांनी सांगायचे, आणि त्यांना ती दिसली नाही तर फी घ्यायची नाही. फीच्या बाबतीत माझे तेवढे धाडस नाही, पण आपण कोणत्या एका गोष्टीवर काम करतो आहोत हे अधिकाऱ्याने सहकाऱ्यांना आधीच सांगायचे आणि दर महिन्याला त्यांना विचारायचे, ही अट मी घालते. संस्थेत बदल पसरतो तो इथून. प्रमुख स्वतः ‘मी हे शिकतो आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या हाताखालच्या विभागप्रमुखांनाही आपल्या बैठका तशाच चालवता येत नाहीत.

गोपनीयतेबद्दलही विचारले जाते. फी संस्था भरते, बोलणे मात्र अधिकाऱ्याचे असते. म्हणून उद्दिष्टे तिघांनी मिळून ठरवायची, संस्थेला तेवढ्यांचीच प्रगती कळवायची आणि खोलीतले बाकी सारे खोलीतच ठेवायचे, असे पहिल्या दिवशी कागदावर येते.

कोचिंगने न सुटणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. सहकार्याची भाषणे होत असतील आणि बढती व बोनस मात्र जो तो आपापल्या आकड्यांवर मिळवत असेल, तर माणसे बोनसचेच ऐकतील, आणि त्यांचे चुकत नाही. तिथे आधी नियम बदलावे लागतात. दुसरा प्रकार अधिक अप्रिय आहे. एखाद्याला काढायचे आधीच ठरलेले असते आणि ‘आम्ही संधी दिली होती’ असे फाईलवर दिसावे म्हणून कोच नेमला जातो. त्यामुळे काम घेण्यापूर्वी मी वरिष्ठांना विचारते, “सहा महिन्यांनी हा माणूस खरोखर बदललेला दिसला, तर तुम्ही त्याला कोणती जबाबदारी द्याल?” ज्यांना खरेच बदल हवा असतो ते लगेच काहीतरी ठोस सांगतात. जे उत्तराऐवजी मनुष्यबळ विभागाकडे बघतात, त्यांचे काम मी घेत नाही.