फलटणच्या वाटेवरची दुपार

यंदा दिंडीत नाव दादाचं होतं, चाललो मी.

दादा परळच्या हॉस्पिटलात, ब्लड कॅन्सर. किमोनंतर प्लेटलेट्स खाली गेल्या की डोनर शोधायचं काम माझं. ओळखीपाळखीतले सगळे देऊन झाले, मी स्वतः दिल्या, शेवटी शेवटी लोक फोन उचलेनात आणि त्यांचं तरी काय चुकलं, कितीदा देणार माणूस. मी देवाला हात जोडायचं बंद केलं होतं. रागाने नाही, थकून. पण दादाचं एकच पालुपद, बाबांची वारी मोडायची नाही. १९८२च्या संपात बाबांची गिरणी गेली, लालबागच्या खोलीत आम्ही पाच जण आणि वाण्याची उधारी, अशात बाबा पहिल्यांदा पायी पंढरीला गेले. आई जाम भांडली होती. ते का गेले असतील हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आणि आळंदीला उतरलो तेव्हाही कळलेलं नव्हतं.

पुणे, दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, नीरास्नान... सगळं एकमेकांत मिसळून गेलंय. आठवतं ते टँकरच्या रांगेतली ढकलाढकली, तंबूत कधीच न वाळणारे कपडे, शेजारच्या गृहस्थांचं घोरणं, आणि घाटात वीणेकऱ्याला अडवून व्हिडिओ काढणारी पोरं. चिडचिड व्हायची. टाळ हातात, तोंडाने ज्ञानोबा माउली तुकाराम आणि डोक्यात प्लेटलेट्सचे आकडे. सकाळी काकड्याला मात्र का कोण जाणे डोळे भरून यायचे.

तरडगाव सोडलं आणि दुपारी फलटणच्या वाटेवर पाय गेले. दोन्ही तळव्यांना फोड, डावीकडचा तर टाचेपासून पार मधेपर्यंत आलेला. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. आमची दिंडी पुढे गेली. मी एका लिंबाखाली बसलो आणि तेवढ्यात वहिनीचा मेसेज, प्लेटलेट्स अकरा हजार, रक्तपेढीत आपल्या ग्रुपच्या नाहीत. इथे बसून मी काय करणार होतो? ज्यांना ज्यांना फोन लावता येईल त्यांना लावले, कुणी गावी, कुणी ड्युटीवर, एकाचा बंद. मग फोन खाली ठेवला आणि सरळ रडायला लागलो. एवढी माणसं समोरून नाचत जातायत आणि मी रडतोय.

एक बाई थांबली. साठीची असेल, बोलण्यावरून परभणीकडची वाटली. डोक्यावरची तुळस तिने दुसरीच्या डोक्यावर दिली, पिशवीतून सुईदोरा काढला आणि म्हणाली, "पाय दावा, माउली." मी नको नको म्हणतोय तर तिने पाय ओढून मांडीवरच घेतला. धुळीने माखलेला पाय हो तो! खोबरेल तेलात हळद कालवलेली डबी होती तिच्याकडे, त्यात दोरा बुडवला, सुई फोडाच्या एका कडेने घालून दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं तोडली. "दोरा वढू नगा. पानी आपसूक निगल. कातडं काढलं तर चालाया येनार न्हाई." मी का रडतोय ते तिने विचारलं नाही. दुसऱ्या पायाचंही केलं, फडक्याची पट्टी बांधली, आणि उठताना माझ्याच पायाला हात लावून नमस्कार केला. मी मावशी, मावशी म्हणेपर्यंत ती गर्दीत दिसेनाशी झाली.

चालायला लागलो. फलटण जवळ आलं तेव्हा वहिनीचा फोन. "भावजी, डोनर मिळाला." कॉलेजातला मुलगा, दुसऱ्याच पेशंटसाठी आलेला, त्यांचं काम आधीच झालं होतं तर याने काउंटरवर विचारलं, माझ्या ग्रुपची अजून कुणाला गरज आहे का. तासाच्या वर मशीनवर बसला, वहिनीने आणलेला चहाही नको म्हणाला, लोकल पकडायची होती त्याला. योगायोग म्हणणारे म्हणोत, माझ्यापुरता तो विठ्ठलच, आणि ती मावशीही.

संध्याकाळी समाजआरती, मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात ती. चोपदारांनी चोप उंचावून हाळी दिली, सगळे टाळ थांबले, एका दिंडीचे वाजतच राहिले. त्यांचं काहीतरी पाण्याचं गाऱ्हाणं होतं. रिवाजच आहे, ज्या दिंडीचं गाऱ्हाणं असेल तिने टाळ थांबवायचे नाहीत, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. माउलींच्या पालखीपुढे गाऱ्हाण्याला जागा आहे आणि ते ऐकून घेतल्याशिवाय पुढचं होत नाही! म्हणजे इतके महिने मी गप्प बसलो ते उगाचच. आमचे टाळ शांत होते, पण मी मनातल्या मनात देवाला सगळं सांगितलं, दादाचं, वहिनीचं, पैशाचं, अगदी भांडलो म्हणा. खूप दिवसांनी त्याच्याशी बोललो.

पंढरपुरात कळसाचं दर्शन घेऊन परतलो, रांगेत उभं राहण्याइतके दिवस हातात नव्हते.

दादाने आधी माझे तळवे बघितले, मग प्रसादाचा चुरमुरा तोंडात टाकला. पुढच्या महिन्यात त्याची बोनमॅरो टेस्ट आहे, काय येईल ते येईल. मी रक्तपेढीत कुणाही पेशंटसाठी म्हणून नाव दिलंय. मंगळवारी बोलावलंय, जेवून या म्हणाले.