घर लाउडनमध्ये असेल, तर बजेटच्या सुनावणीला या

वर्षाच्या सुरुवातीला लाउडन काउंटीकडून, म्हणजे अमेरिकेत व्हर्जिनियातल्या आमच्या स्थानिक सरकारकडून, घराच्या किमतीच्या अंदाजाची (असेसमेंटची) पत्रं यायला लागली की आमच्या ॲशबर्नमध्ये दोन मराठी माणसं भेटली तरी विषय तोच निघतो. "तुमचं कितीने वाढवलंय?" मागे शेजारचे दादा पत्र हातात घेऊनच आले होते. "वहिनी, बघा ना, सरळ पन्नास हजारांनी वाढवलंय! आता अपील करायलाच हवं." मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला आणि कागद-पेन घेऊन दोघं बसलो. नोकरीत मी वर्षानुवर्षं हिशेबाचीच कामं केली आहेत, त्यामुळे अशी कागदपत्रं लोक माझ्याकडे आणतात. त्यांना जे सांगितलं ते इथे नीट लिहून ठेवते आहे.

पत्रावर जो आकडा असतो, तो कर नव्हे. १ जानेवारीला तुमचं घर बाजारात कितीला गेलं असतं, याचा तो अंदाज. लाउडनमध्ये तो दरवर्षी काढतात आणि पूर्ण बाजारभावाने काढतात. कर ठरतो तो या किमतीला दराने गुणल्यावर, आणि तो दर पत्र येतं तेव्हा ठरलेलाच नसतो. २०२४ चा दर होता दर शंभर डॉलरला ८६.५ सेंट. २०२५ ला तो ८०.५ सेंटवर आला. आता एखादं घर २०२४ मध्ये सात लाखांचं धरलं होतं, त्याचा कर झाला ६,०५५ डॉलर. पुढच्या वर्षी तेच घर साडेसात लाखांचं झालं, तरी कर आला ६,०३७ डॉलर ५० सेंट. किंमत पन्नास हजारांनी वर आणि कर थोडासा खाली! दादांनी हे गणित स्वतःच्या फोनवर पुन्हा करून पाहिलं.

अपील करूच नये असं नाही. काउंटीच्या नोंदीत तुमच्या घराचं क्षेत्रफळ, बाथरूम्सची संख्या, बेसमेंट फिनिश्ड आहे की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं आणि ते कोणालाही ऑनलाइन बघता येतं. आधी ते बघा. मग आजूबाजूची तुमच्यासारखीच घरं कितीला विकली गेली ते बघा, पण विक्री १ जानेवारीच्या आधीची हवी. त्यातून फरक दिसला तर आधी कमिशनर ऑफ द रेव्हेन्यूकडे (ही किंमत ठरवणाऱ्या काउंटीच्या अधिकाऱ्याकडे) फेरतपासणीचा अर्ज, तिथे समाधान नाही झालं तर बोर्ड ऑफ इक्वलायझेशन, म्हणजे अशी अपिलं ऐकणारं मंडळ, आणि त्याच्याही पुढे सर्किट कोर्ट. मुदती पत्रावरच छापलेल्या असतात, त्या चुकवू नका. "मला कर परवडत नाही" किंवा "एका वर्षात फार वाढवलं" हा मुद्दा तिथे चालत नाही. तिथे प्रश्न एकच: ही किंमत बाजारभावाला धरून आहे का? दादांच्या घराची नोंद बरोबर होती आणि गल्लीतल्या विक्रीच्या किमती असेसमेंटपेक्षा वरच होत्या. त्यांनी अर्ज केला नाही.

पण परवडत नाही हे सांगायची एक जागा आहे, आणि आपली माणसं नेमकी तिथेच दिसत नाहीत. ती म्हणजे बजेटची जाहीर सुनावणी.

क्रम असा. काउंटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. फेब्रुवारीत काउंटी ॲडमिनिस्ट्रेटर प्रस्तावित बजेट मांडतात. मग बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, म्हणजे संपूर्ण काउंटीतून निवडून आलेला एक अध्यक्ष आणि आठ जिल्ह्यांचे आठ जण, कराचा दर जाहिरातीत देतात. जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी दर ठेवता येतो, जास्त ठेवायचा तर पुन्हा जाहिरात द्यावी लागते. व्हर्जिनियाच्या कायद्याने आणखी एक चांगली गोष्ट करून ठेवली आहे. घरांच्या किमती वाढल्यामुळे महसूल वाढणार असेल, तर गेल्या वर्षीइतकाच पैसा गोळा व्हायला किती दर पुरेल, तेही लोकांसमोर मांडावं लागतं. म्हणजे 'दर कमी केला' असं कोणी म्हटलं, तरी खरंच कमी केला का हे ताडून बघता येतं. जाहिरातीत सगळ्यांत आधी मी हाच आकडा शोधते. सुनावण्या होतात, बोर्डाच्या बैठका होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला बजेट मंजूर होतं. एकदा ते झालं की ५ जून आणि ५ डिसेंबरला हप्ते भरायचे, बस्स.

बहुतेकांच्या लक्षातही हे हप्ते येत नाहीत, कारण कर्ज देणारी बँक एस्क्रो खात्यातून, म्हणजे आपल्या महिन्याच्या हप्त्यातून करासाठी बाजूला काढलेल्या पैशातून, परस्पर भरते. आपल्याला दिसतो तो फक्त वाढलेला महिन्याचा हप्ता, आणि राग निघतो बँकेवर. पुण्यात आईबाबांच्या कोथरूडच्या फ्लॅटचा मिळकतकर बाबा स्वतः भरतात. स्वतःच्या राहत्या घराला मिळणारी ४० टक्के सवलत मध्यंतरी काढली होती. २०२३ मध्ये ती परत आली, तेव्हा पीटी-३ चा अर्ज पंचाहत्तरीच्या बाबांनी स्वतः जाऊन दिला. कुठल्या करात काय चाललंय हे त्यांना तोंडपाठ असतं. इथे आपण दहा-दहा वर्षं राहतो आणि आपला सुपरवायझर कोण हे विचारलं तर आठवावं लागतं.

हा पैसा जातो कुठे? सर्वांत मोठा वाटा शाळांचा. लाउडनचं स्कूल बोर्ड निवडून येतं, पण व्हर्जिनियात स्कूल बोर्डाला स्वतः कर लावता येत नाही. त्याला काउंटीकडे मागावं लागतं. म्हणून वर्गात किती मुलं असणार, शिक्षकांना पगारवाढ मिळणार की ते शेजारच्या फेअरफॅक्सला निघून जाणार, हे शेवटी याच सुनावणीच्या टेबलावर ठरतं. शिवाय आगीचे बंब, शेरिफ, ग्रंथालयं, पार्क, लोकल बस. एचओएची (घरमालकांच्या सोसायटीची) फी यात नाही, ती वेगळी. दोन्हींची गल्लत फार होते.

आणि दर खाली का येतोय, हेही समजून घ्या. २०२० मध्ये तो १ डॉलर साडेतीन सेंट होता. पाच वर्षांत तो इतका उतरला, त्यात मोठा हात डेटा सेंटर्सचा आहे. वॅक्सपूल रोडने जाताना ज्या बिनखिडक्यांच्या अवाढव्य इमारती दिसतात ना, त्यांच्या आतल्या सर्व्हरवर दर शंभर डॉलरला ४ डॉलर १५ सेंट कर आहे. त्यावर काउंटीचं इतकं भागतं की घरमालकांना सूट देता येते. पण सर्व्हरची करपात्र किंमत दरवर्षी घसरते, नवीन यंत्रं आली तरच उत्पन्न टिकतं. २०२१ च्या आर्थिक वर्षात या उत्पन्नाचा अंदाज चुकला आणि सुमारे सहा कोटी डॉलरची तूट पडली होती. शेतकऱ्याने एकाच पिकावर सगळं शेत लावावं, तसं हे मला वाटतं. पीक जोमात आहे तोवर बरं. त्यात विजेचे टॉवर आणि घरांजवळची घरघर आहेच. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने डेटा सेंटरना आपोआप मिळणारी परवानगी काढून घेतली, आता प्रत्येक नव्या अर्जाची सुनावणी होते. मला तो निर्णय योग्य वाटला. थोडा जास्त कर भरावा लागला तरी चालेल, पण उद्या हे उत्पन्न आटलं म्हणून शाळा ओस पडू नयेत.

आता खरं सांगायचंय ते. आपल्यातले कितीतरी जण एच-वन-बी वर आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. आम्हीही आहोत. घर आहे, कर भरतो, मुलं इथल्या शाळेत आहेत, पण मत नाही. त्यामुळे 'आपलं कोण ऐकणार' असं मनात पक्कं बसलेलं असतं. सुनावणीत बोलायला मतदार असावं लागत नाही. नाव नोंदवायचं, पाळी आली की उभं राहायचं आणि मिळालेल्या दोन-तीन मिनिटांत आपलं म्हणणं सांगायचं.

मी लीसबर्गला सुनावणीला पहिल्यांदा गेले तेव्हा पोटात गोळा आला होता. माझ्यापुढे लाल टी-शर्ट घातलेल्या शिक्षिका होत्या, त्यांच्या आधी पश्चिमेकडचा एक शेतकरी. समोर दिवा लागतो, वेळ संपत आली की त्याचा रंग बदलतो. मी आपल्याकडे सहा-सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आईवडिलांबद्दल बोलले. ही माणसं गाडी चालवत नाहीत, दिवसभर घरात बसून असतात. दुपारची लोकल बस ग्रंथालयापर्यंत आणि मेट्रो स्टेशनपर्यंत वेळेवर मिळाली तर त्यांचा दिवस बदलेल, एवढंच सांगितलं. घाईत एक वाक्य गाळलं, पण मुद्दा पोहोचला. बाहेर आल्यावर एक तेलुगू आजोबा थांबले होते. म्हणाले, मी पण हेच बोलायला आलो होतो, पण नाव नोंदवलं नाही.

पुढच्या सुनावणीची तारीख जाहीर झाली की इथे टाकेन. ज्यांना बोलायचंय त्यांनी मला कळवा, मुद्दे लिहून काढायला मी मदत करेन. ॲशबर्नहून माझी गाडी निघेल, चार जणांची जागा आहे. ज्यांना बोलायचं नाही त्यांनीही या आणि मागे बसा.