ग्वेन वाचली, पीटर गेला

काल संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर आम्ही पाच जणांनी भाचीच्या स्पायडरमॅन फॅनफिक्शनचा (मूळ पात्रे घेऊन चाहत्याने रचलेल्या कथेचा) नवा भाग वाचला आणि शेवटच्या ओळीनंतर बराच वेळ कोणीच बोलले नाही. १९७३ सालच्या मूळ कॉमिकमध्ये पुलावरून पडणाऱ्या ग्वेन स्टेसीला, म्हणजे आपल्या प्रेयसीला, पीटर (स्पायडरमॅन) जाळ्याने झेलतो, पण त्या हिसक्यानेच तिची मान मोडते. भाचीने मात्र ग्वेनला वाचवून पीटरला मृत्यू दिला. "ताई, त्याला परत आण ना," म्हणत धाकटा पुतण्या रडू लागला. ग्वेनला अखेर स्वतःची कथा मिळाली, याचा मैत्रिणीला आनंद झाला. मला हा बदल धाडसी आणि योग्य वाटतो, तरी पीटरचा शेवट दोन ओळींत उरकायला नको होता.