कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही

हे एवढं एक वाक्य मला पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं, तर माझा धाकटा भाऊ १९ दिवस वकिलाशिवाय राहिला नसता.

बांधावरच्या भांडणातून त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला, न्याय संहितेचं कलम १०९. खासगी वकिलाची नुसत्या जामिनाची फीसुद्धा आम्हाला झेपणारी नव्हती. पहिल्या रिमांडला न्यायाधीशांनी त्याला विचारलं होतं, मोफत वकील हवा का? तो लाजून म्हणाला, "घरचे बघतील." तुमच्या माणसाला आधीच सांगून ठेवा, तिथं "हवा" म्हणायचं.

गावात जो तो म्हणे, सरकारी वकील मागा. सरकारी वकील तर आपल्याविरुद्ध उभा राहतो! आपण मागायचा तो लोक अभिरक्षक, म्हणजे आरोपीच्या बाजूनं लढणारा मोफत वकील, नाहीतर विधी सेवेच्या (मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) पॅनेलवरचा वकील.

तो मागायला विधी सेवेच्या कार्यालयात गेले तर टेबलावरच्या माणसानं अर्ज परत सरकवला. "उत्पन्नाचा दाखला जोडा." मी म्हटलं, भाऊ जेलमध्ये आहे. "नियम सगळ्यांना सारखा." मग तलाठ्याकडे तीन खेपा, दोनदा ते जागेवर नाहीत. सेतूत सर्व्हर बंद. प्रत्येक खेपेला एसटीचं भाडं आणि एक रोज बुडायचा. सोळाव्या दिवशी दाखला नेला, तर म्हणे, हा वडिलांच्या नावाचा आहे, आरोपीच्या नावाचा आणा. मी बाहेर पायरीवर बसून रडले. आजही त्या खोलीवरून जाताना अंगाचा तिळपापड होतो.

तिथंच एका विधी स्वयंसेवक ताईंनी विचारपूस केली आणि मला हाताला धरून परत आत नेलं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ त्यांनी त्या माणसाला वाचून दाखवलं. कोठडीतला माणूस, बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस, यांचं उत्पन्न बघायचंच नसतं. ज्यांचं बघतात त्यांच्यासाठीही कलम १३ प्रमाणे प्रतिज्ञापत्र चालू शकतं. अर्ज तर जेलमधूनसुद्धा करता येतो. मुलाखतीला जाल तेव्हा आपल्या माणसाला सांगा. तिसऱ्या दिवशी भावानं वकीलपत्रावर सही केली.

पुढं जामीन झाला.

अर्ज दिला की पोच घ्याच, मी घेतली नव्हती. कुणी अडवलं तर विधी सेवेच्या हेल्पलाइनला, १५१०० वर, फोन करा. या वकिलाला आपण एक रुपयाही द्यायचा नसतो. आणि आतल्या दिवसांचा हिशेब ठेवा: अशा गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, पण ते दाखल व्हायच्या आत अर्ज करावा लागतो.

खटला चालू आहे. परवाच्या तारखेला आमच्या वकीलबाईंनी फिर्यादीची उलटतपासणी दोन तास घेतली. मी मागच्या बाकावर बसून एकेक प्रश्न ऐकला.