ताईच्या फाईल्सवर दुसऱ्याचं नाव

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. तसं आज काहीच झालेलं नाही. लॅबच्या शेअरवर, म्हणजे सगळ्यांच्या फाईल्स ठेवायच्या सामायिक जागेवर, जागा संपत आलीय, ९४ टक्के भरलंय, आपापलं आवरा असा मेल आला होता म्हणून दुपारी लॅबमध्ये बसून कोणाचं किती आहे ते बघत होते. ताईच्या, म्हणजे आता लॅब सोडून गेलेल्या माझ्या सीनियरच्या, फोल्डरमध्ये गेले, एलएस मायनस एल मारलं (फाईल्सची यादी मालक आणि तारखेसकट दाखवणारी कमांड) आणि मालकाच्या कॉलममध्ये त्या नवीन मुलाचं नाव. एका फाईलवर नाही, सगळ्या फाईल्सवर. तारखा २०१९, २०२०, २०२१ च्या, आणि वरपासून खालपर्यंत त्याचंच नाव. २०१९ ला तो दहावीला असेल हो.

पहिल्यांदा वाटलं यानेच काहीतरी केलं. इतका राग आला की तसाच फोन लावणार होते, बरं झालं नाही लावला. खाली सर्व्हर रूममध्ये काका होते, त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, अहो त्याने काही केलेलं नाही, फाईलवर नाव कधी नसतंच, नंबर असतो. आपलं शेअर एनएफएसवर चालतं, नेटवर्कवरून फाईल्स वापरायची १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने काढलेली पद्धत, आपल्याकडे त्यात सर्व्हर आणि आपलं मशीन एकमेकांना फक्त नंबर सांगतात आणि नाव आपलं मशीन यादीत बघून लावतं. ताईचा नंबर १०४३. ती गेल्यावर अकाउंट बंद झालं, नंबर मोकळा झाला, नवीन ॲडमिशनला तोच लागला. झालं.

झालं म्हणे.

मला आठवतंय, जुलैपासून तिथे नुसतं १०४३ दिसायचं. यादीत नाव सापडलं नाही की मशीन उघडा नंबरच दाखवतं. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, खरंच नव्हतं. रिकामी खुर्ची असते ना, माणूस गेलाय पण खुर्ची त्याचीच आहे, तसं होतं ते. १०४३ म्हणजे ताई, हे मला माहीत होतं आणि तेवढं पुरत होतं. आज त्या खुर्चीवर कोणीतरी बसलंय, आणि बसलेल्याला माहीतही नाही की ती कोणाची होती. एवढंच आहे, आणि एवढ्याने दिवसभर घशात काहीतरी अडकल्यासारखं झालंय.

त्या फोल्डरमध्ये काय आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. हवामान खात्याचा रोजच्या पावसाचा डेटा, १९०१ पासूनचा, वर्षाची एक फाईल. नकाशावर १३५ गुणिले १२९ चौकटी, पाव अंश अक्षांश-रेखांशाची एकेक, वर्षाला साधारण २५ एमबी. डेटा काय, परत उतरवता येईल, त्यांचं शिमला ऑफिस इथे पुण्यात शिवाजीनगरलाच तर आहे. पण ताईने प्रत्येक वर्ष उघडून तपासलंय, लीप वर्षाला ३६६ दिवस पूर्ण आहेत का, फाईल अर्धवट उतरलीय का, आणि सगळं रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाईलमध्ये, लिहून ठेवलंय. त्यात एक ओळ आहे, "-९९९ म्हणजे पाऊस शून्य नाही. -९९९ म्हणजे माहिती नाही. शून्य वेगळं." ती ओळ माझ्यामुळे आलीय. पहिल्या वर्षी मी कोकणाची सरासरी काढली तर जुलैचा पाऊस उणे आला. जुलैमध्ये, कोकणात! दोन दिवस मी कोड बघत बसले होते, रडकुंडीला आले होते, सरांना सांगायची हिंमत नव्हती. ताई तिचं काम टाकून शेजारी येऊन बसली, नकाशा उघडला आणि पेनाच्या टोकाने दाखवलं, बघ, तुझ्या चौकोनात अर्धा समुद्र आलाय, समुद्रावर आकडे नाहीत, तिथे -९९९ भरलेलं असतं आणि तू ते पाऊस म्हणून मिळवतेयस. मग चहाला गेलो. दुसऱ्या दिवशी रीडमीत ती ओळ होती, माझं नाव कुठेही न घेता. असं कोण करतं.

आणि आता त्या ओळीचा मालक दुसराच.

दुपारभर हेच चाललं होतं डोक्यात, की माझंही असंच होणार. चार वर्षं झाली, शनिवार म्हणू नका रविवार म्हणू नका, सगळे सुटीवर गेले तरी मी इथे. आईचा आजही फोन आला, कधी संपणार म्हणून... असो, ते नको आत्ता. पण संपेल तेव्हा माझाही नंबर कोणालातरी मिळेल आणि माझ्या ३०० जीबीवर कोणातरी अनोळखी माणसाचं नाव दिसेल, आणि जागेसाठी मेल आला की तो सगळं उडवेल. उडवू शकेल ना, फोल्डर त्याच्याच नावावर असेल. ताईचंही तो आत्ता उडवू शकतो, एका कमांडमध्ये. हे लक्षात आल्यावर मात्र हातपाय गार पडले आणि परत खाली गेले.

काका म्हणाले, तुमच्याकडे कॉपी करून घ्या आणि मूळ काढून टाका. मी म्हटलं कॉपी केलं तर मालक मी दिसणार. हो म्हणाले, कॉपीच्या सीपी कमांडला मायनस पी लावलंत तर तारखा जुन्या राहतील, पण नाव तुमचंच येणार. मग मला नको. त्या मुलाचं नाव चालत नाही तर माझं तरी का चालावं, मी कुठे तपासली ती वर्षं? काका जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, कामाच्या गडबडीत होते बिचारे, आणि मग म्हणाले, असं करतो, सोमवारी या फाईल्सना एक नवीन नंबर देतो जो मी पुढे कोणालाच देणार नाही. नाव दिसणार नाही, नंबरच दिसेल. चालेल?

चालेल म्हटलं. वर येताना जिन्यात डोळे भरून आले, का ते माहीत नाही.

ताईला कळवावं असं खूप वाटलं. तिकडे आत्ता संध्याकाळ असेल. पण काय लिहू, तुझा नंबर दुसऱ्याला दिला म्हणून? दोनदा लिहिलं, दोनदा पुसलं. मग म्हटलं निदान रीडमीमध्ये वर तिचं नाव टाकू, ग्रुपला परवानगी आहे, मला लिहिता येतं. उघडलं. पण सेव्ह केलं की फाईलची तारीख आजची होणार, २०२२ ची जुनी तारीख जाणार. तसंच बंद केलं. शेजारी वेगळी छोटी फाईल केली, त्यात ताईचं पूर्ण नाव आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत काम केलं ते लिहिलं. माझं नाव त्यात नाही.

आता लिहिता लिहिता जरा बरं वाटतंय. नंबर मोकळे होणारच, दरवर्षी मुलं येणार, त्यांनाही कुठेतरी जागा द्यायलाच हवी. मला दिलेला नंबरही कदाचित आधी कोणाचातरी असेल, मी कधी विचारलंय?

दहाच्या सुमाराला त्या मुलाचा मेसेज आला होता. "मॅम, सॉरी उशिरा मेसेज करतोय. माझा विदर्भाचा पाऊस उणे येत होता, चौकोन जास्तच मोठा झाला होता, बंगालचा उपसागर पण घेतला गेला होता त्यात. मग त्या जुन्या फोल्डरमधलं रीडमी वाचलं आणि सुटलं. पण ते लिहिलंय कोणी? मालक म्हणून माझंच नाव दिसतंय, मी तर नाही लिहिलं."

मी त्याला ताईचं नाव पाठवलं, आडनावासकट.